दोराचं दुसरं टोक

दोर वळणाऱ्याच्या घरात तोंड पुढे करून चालायला मिळणं हीच चैन होती. त्या घरातल्या मुलीचा दिवस उलटा चालण्यात जायचा. कमरेभोवती घायपाताचा वाख गुंडाळायचा, त्याचे चार तंतू चाकाच्या आकड्यात अडकवायचे आणि बापाने चाक फिरवायला घेतलं की बोटांतून वाख सोडत मागे मागे जायचं, थेट चालायच्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाच्या खांबापर्यंत. तिथे सूत खांबाला अडकवायचं, सरळ चालत परत यायचं आणि पुन्हा उलटं सुरू. दिवसाकाठी सरळ चालणं वाट्याला यायचं ते एवढंच, तेही रिकाम्या हाताने.

घरामागची ती लांब, अरुंद पट्टी तिच्या टाचांनी तुळतुळीत झाली होती. गाव त्या मुलीला मागची म्हणायचं. कोणा टवाळाने कधीतरी ठेवलेलं नाव, पण बसलं ते असं बसलं की घाईत आईसुद्धा तीच हाक मारायची. पोर विशीच्या अलीकडची, हात मात्र म्हातारीचे. बोटांच्या पेरांवर वाखाने कापलेल्या रेघा, त्यांवर पुन्हा रेघा.

तिच्याआधी ते टोक थोरल्या भावाचं होतं. एका सकाळी तो शहरात गेला तो गेलाच. आता कुठेतरी ट्रक चालवतो आणि फोनवर आईला "जेवलीस का" एवढंच विचारतो. बापाचा खुबा गाडीवरून पडून मोडला, तेव्हापासून तो पेटीवर बसून चाक फिरवतो. राहिल्या दोघी. तिघांतलं एक माणूस हललं की चाक बंद, आणि चाक बंद म्हणजे चूल बंद. हे तिला कोणी बोलून दाखवलं नव्हतं. बोलायची गरजच नव्हती.

त्यातून सूत कातणं निराळं आणि दोर वळणं निराळं. सुताचं टोक खांबाला चालतं, दोराचं चालत नाही. तीन पेड ताणून त्यांना पीळ घालायचा. आईने तीन खाचांचा लाकडी लट्टू त्यांच्यामध्ये धरून चाकाच्या दिशेने चालत जायचं, म्हणजे तिच्या पाठीमागे दोर वळत येतो. पीळ चढतो तसे पेड आखडतात. जेवढे आखडतील तेवढं टोकाच्या माणसाने पुढे सरकायचं. सैल धरलं तर दोराला गाठी पडतात, हट्टाने धरलं तर तंतू आतल्या आत तुटतात. बापाची सगळी विद्या एका वाक्यात होती आणि ते वाक्य तो दिवसातून कितीदा तरी म्हणायचा.

"ओढ, पण सोडत ओढ."

त्या वर्षी पाणी आटलं. तळ्याचा तळ भेगाळला, बायका ओढ्याच्या पात्रात खड्डे खणून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. वाखाला भिजायला पाणी लागतं. कोरडा वाख हाताला विळीसारखा लागतो आणि त्याची धूळ छातीत जाते. आई दिवसभर खोकायची आणि खोकल्याने लट्टू हलला की बाप चाक थांबवून नुसता बघायचा. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

गावाच्या उतारावर एक जुनी विहीर होती. कित्येक वर्षांत कोणी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. गाळ, दगड, फुटकी भांडी, कोणाच्या मेलेल्या शेळ्या, सगळं तिच्या पोटात. सायकली दुरुस्त करणाऱ्या पोराच्या डोक्यात आलं की ती उपसावी. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी काही देणारही नव्हतं. त्याने दुकानाची फळी लावली, शिंप्याची मुलगी, पिठाच्या गिरणीवरचा, शाळा सोडलेली चार, शाळेत जाणारी चार अशी पोरं गोळा केली आणि सकाळ-संध्याकाळ उन्हाची धग नसताना काम सुरू केलं. म्हातारी माणसं हसली. न्हावी तर विहिरीच्या कठड्याशी बैठक मारून बसायचा. "उथळ पाण्याला खळखळाट फार," तो म्हणायचा. "आणि इथे तर पाणीच नाही, नुसता खळखळाट."

सायकलवाला म्हणायचा, "हसतील त्यांचे दात दिसतील, काका. दिसू द्या, तुमचे अजून बरे आहेत."

कप्पीला लावायला दोर हवा होता. बापाने एक वापरलेला, पण चांगला दोर दिला आणि मागचीला म्हणाला, "टाकून ये. लगेच ये."

ती दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन उतारावर गेली. विहिरीपासून बांधापर्यंत पोरांची रांग लागली होती आणि गाळाची घमेली हातोहात पुढे जात होती. रांगेत मध्येच एक जागा मोकळी होती. कोणाला तरी घरून हाक आली होती. शिंप्याच्या मुलीने घमेलं पुढे केलं, समोर घ्यायला कोणी नाही, म्हणून तिने ते मागचीकडेच केलं. "धर गं, हात भरून आले."

तिने दोर खाली ठेवला आणि घमेलं धरलं. वळून पुढच्याला दिलं. लगेच दुसरं आलं.

शिंप्याची मुलगी सडपातळ. सगळे तिला सुई म्हणत, आणि सगळ्यांत हलकी म्हणून विहिरीत उतरायचं काम तिच्याकडे. ती वर असली की रांगेत उभी राहायची आणि तोंडाची टकळी चालूच. घमेलं देताना ती समोरच्याच्या तोंडाकडे बघायची. मागचीला ते आधी चमत्कारिक वाटलं. घरी काम करताना समोरचं माणूस दूर दूर जात असतं. बाप चाकाशी बसलेला, पावलागणिक लहान होत जाणारा. इथे हातभर अंतरावर घामाने भिजलेलं एक तोंड होतं आणि ते हसत होतं.

"तू मागची ना?" सुई म्हणाली. "इथे मागची नाही चालायची. इथे तू मधली."

रांगेतून कोणी तरी ओरडलं, "मधले, हात चालव!" आणि सगळे हसले. ते हसणं तिला लागलं नाही. गावात एवढी वर्षं तिच्यावर हसलेलं तिने ऐकलं होतं, आपल्याबरोबर हसलेलं ती पहिल्यांदा ऐकत होती.

घरी परतली तेव्हा अंधारायला लागलं होतं. बाप पेटीवर तसाच बसून होता.

"लगेच म्हणालो होतो."

"माणूस कमी होतं तिथे."

"इथे कुठे जास्त आहे?"

ती पाय धुवायला गेली आणि पाणी नाही म्हणून कोरडेच पुसले. जेवताना मात्र तिने मान वर न करता विचारलं, "संध्याकाळचं चाक थांबल्यावर जाऊ का?" आईने बापाकडे पाहिलं. बापाने तोंडातला घास संपवला.

"चाक थांबल्यावर," तो म्हणाला. "आधी नाही."

मग तिचे दिवस फक्त संध्याकाळचे राहिले. सकाळी ती उलटी चालायची आणि उतारावरून पोरांचा गलका ऐकू यायचा. कोण ओरडतं, कोण गातं, सुई खाली उतरताना कशी "सोड, सोड, बास" करते, सगळं आवाजावरून कळायचं आणि दिसायचं काहीच नाही. दुपारी उन्हात पट्टी तापायची, टाचा भाजायच्या. चाक थांबलं की ती हात न धुता पळायची. तिथे तासाभराचा उजेड उरलेला असायचा. तेवढ्यात ती इतकी घमेली द्यायची की सायकलवाला म्हणायचा, "मधली आली की रांगेचं इंजिन बदलतं." असली शाबासकी ऐकायची तिला सवय नव्हती. ती रात्री पडल्या पडल्या ते वाक्य पुन्हा म्हणून बघायची.

आणि सकाळी पुन्हा टोक. आता ते टोक जास्त दुखायचं. आधी तिला ठाऊकच नव्हतं की आपल्याला कुठे जायचंय. एकदा ठाऊक झाल्यावर पट्टी आखूड झाली, चाकाची कुरकुर कानात बसली, आईच्या खोकल्याचा राग यायला लागला आणि मग त्या रागाची लाज.

एका सकाळी जाड दोर वळायला घेतला. पेड ताणले, बापाने पीळ चढवला, आई लट्टू घेऊन चाकाच्या दिशेने निघाली. तिची पाठ इकडे होती. मागची टोकाचा आकडा दोन्ही हातांत धरून मागे रेलून उभी होती. एवढ्यात उतारावरून असा गलका उठला की झाडावरची पाखरं उडाली.

"पायरी! पायरी लागली!"

विहिरीला पायऱ्या आहेत असं म्हातारी माणसं सांगत आणि पोरं ते खोटं मानत. पायरी लागली म्हणजे आता तळ दूर नाही. सुईचा आवाज सगळ्यांवर चढला होता, आणि ती कोणाचं तरी नाव घेत होती. मागचीला वाटलं, मधले म्हणतेय. कदाचित म्हणतही नसेल.

तिच्या शेजारी खांब होता. तिने आकडा खांबाच्या कडीत अडकवला. आईची पाठ, बापाची खाली घातलेली मान, दोन्हीकडे एकदा पाहिलं आणि ती पळाली.

फार वेळ गेली नव्हती. पायरी पाहिली. चिखलातून वर आलेली, कडा झिजलेली, कुणाच्या तरी पावलांनी मध्ये खोल झालेली काळी पायरी. सुईने खालून हात हलवला. सायकलवाला वेड्यासारखा नाचत होता, त्याने मागचीच्या खांद्यावर चिखलाचा हात मारला. तेवढं घेऊन ती धावत परत आली आणि आई चाकाशी पोचून वळायच्या आत आकडा पुन्हा हातात धरून उभी राहिली. छाती धपापत होती. कोणी काही म्हणालं नाही.

दोर उतरवला. दिसायला इतका देखणा की बघत राहावं. घट्ट, गुळगुळीत, एक तंतू बाहेर नाही. बापाने त्यावरून हात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. मग त्याने तिच्या पावलांकडे पाहिलं. पावलांना काळा चिखल होता. पट्टीवर कित्येक दिवसांत पाण्याचा थेंब पडला नव्हता.

"हा विकायचा नाही," तो म्हणाला आणि काठीने दोर छपराच्या तुळईवर, बाकीच्या दोरांपासून लांब टांगला.

तिला वाटलं, दोर एवढा चांगला झाला म्हणून ठेवला. तिला तसं वाटून घ्यायचं होतं. पण वाख विंचरताना नजर तुळईकडे जायची. सुतासाठी खांब चालतो, दोरासाठी नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तिने मनाची समजूत घातली. विकायचा नाही म्हणजे कोणाच्या हातात जायचा नाही, मग काय बिघडलं?

पुढच्या आठवड्यात बापाचा खुबा धरला. शेजारच्या गाडीवानाने त्याला दवाखान्यात नेलं. त्या दिवशी चाक बंद होतं, पण मागचीला मोकळीक नव्हती. वाख भिजवायला ओढ्यावर जायचं होतं. ती डोक्यावर भारा घेऊन गेली, खड्ड्यातल्या गढूळ पाण्यात वाख दाबत दुपारभर वाकून बसली. इकडे विहिरीवरचा जुना दोर कप्पीशी विरला म्हणून सायकलवाला घरी आला.

आईने त्याला पाणी विचारलं, वाटीभर दिलं. "दोर का? घे की." तिने छपराकडे पाहिलं. बाकीचे दोर साधे होते. पोरं जिवावर उदार होऊन खाली उतरतात, त्यांना साधा कशाला द्यायचा? तिने काठीने तुळईवरचा तो देखणा दोर खाली काढला. "हा न्या. माझ्या मालकांनी खास ठेवलाय."

मागची ओल्या वाखाचा भारा घरी टाकून तशीच विहिरीकडे गेली तेव्हा ऊन कलत होतं. त्या दिवशी गर्दी जास्त होती. पायरी दिसल्यापासून म्हातारीकोतारीही यायला लागली होती आणि न्हाव्याच्या शेजारी बसायला जागा उरली नव्हती. सुई कठड्यावर बसली होती, पाय विहिरीत सोडलेले, दोराचा फास मांड्यांखाली घेतलेला. दोर कप्पीवरून ताठ गेला होता. घट्ट, गुळगुळीत, एक तंतू बाहेर नाही.

"थांबा."

तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. सायकलवाल्याने दोराला ताण दिला. सुई कठड्यावरून सरकायला लागली.

"थांबा म्हणते ना! तो दोर बरा नाही!"

सगळे वळले. सायकलवाला हसला. "मधले, तुमच्याच घरचा आहे. तुझ्या आईने दिला. नवा कोरा."

"नवा आहे. बरा नाही."

न्हाव्याने मान पुढे काढली. "ऐका! दोरवाल्याची पोरगी म्हणते, दोरवाल्याचा दोर बरा नाही. मग आम्ही इतकी वर्षं काय सुतळी विकत घेत होतो?"

हशा झाला. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इथे गप्प राहिलं असतं तर पुढे काही झालंही नसतं कदाचित. सुई हलकीच तर होती. तिने सुईकडे पाहिलं. सुई हसत नव्हती, तिच्या तोंडाकडे बघत होती, घमेलं देताना बघायची तशी.

"पायरी लागली त्या दिवशी हा वळत होतो," ती म्हणाली. "टोक माझ्या हातात होतं. मी ते खांबाला अडकवून इकडे पळत आले. खांब सोडत नाही. आतले तंतू तुटलेत याचे. वरून कळत नाही, म्हणून देखणा दिसतो."

आता कोणी हसलं नाही. हसण्यापेक्षा ते वाईट होतं. एक म्हातारी पुटपुटली, "बापाच्या चाकावरून पळून येते." गिरणीवरच्याने नजर दुसरीकडे वळवली. सायकलवाल्याचा चेहरा उतरला. उजेड जात होता आणि दिवसाचं काम अडलं होतं.

"बघू तर," तो म्हणाला. "फासात दगड बांधा."

सुई उतरली. फासात टोपली बांधली, टोपलीत दगड भरले, दोघांनी दोर सोडला. टोपली खाली गेली, वर आली. पुन्हा गेली, पुन्हा आली. दोर टिकला.

"घ्या!" न्हावी म्हणाला. "कामचुकार हात, वर बोलायला मोठी. चल गं सुई, बस."

"झटका द्या," मागची म्हणाली. "माणूस खाली पाय घसरून लोंबकळतं तेव्हा झटका बसतो. तसा द्या." कोणी पुढे होईना तेव्हा तिने स्वतः दोर धरला, टोपली कठड्यापासून हातभर खाली सोडली आणि एकदम आवळला. काही झालं नाही. तिचे डोळे भरून आले. आपण खोटं ठरावं असं तिला जिवापासून वाटलं. तिने पुन्हा सोडला, आणखी खाली, आणि आवळला.

आवाज फार झाला नाही. ओल्या फडक्याचा फटका मारावा तेवढा. दोराचं टोक उसळून कप्पीवर आदळलं आणि बऱ्याच वेळाने खाली दगड पायरीवर पडल्याचं ऐकू आलं. ती मागे पडली होती, तुटका दोर हातात घेऊन. सुई जमिनीवर बसली. नंतर तिने स्वतःच्या दोन्ही मांड्यांवर हात ठेवले आणि तशीच बसून राहिली.

बातमी तिच्याआधी घरी पोचली. आई दारात उभी होती. तिने हात उगारला आणि मारायच्या ऐवजी तो स्वतःच्या तोंडावर घेतला. "माझ्या हाताने दिला मी. माझ्या हाताने. शिंपिणीला काय तोंड दाखवलं असतं?"

बाप दवाखान्यातून आला होता आणि अंथरुणावर भिंतीला टेकून होता. मागची त्याच्यासमोर उभी राहिली. मारा, बोला, काहीतरी करा, असं तिला वाटत होतं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"चिखल दिसला म्हणून?"

"चिखल मागाहून. चाकाला आधी कळलं. समोर माणूस असलं की चाक ओढतं, सोडतं, ओढतं, सोडतं. श्वास घेतल्यासारखं. मग तो श्वास एकदम बंद झाला."

"मग तुम्ही चाक थांबवलं का नाही?"

त्याने खुब्यावरचा हात काढला, पुन्हा ठेवला. "थोरला गेला त्या दिवशी असंच लागलं होतं हाताला. तेव्हा मी थांबवलं आणि ओरडलो. तो ऐकायच्या पलीकडे गेला होता. या खेपेला म्हटलं, फिरवत राहू. येते का बघू."

आई खोकली.

"आलीस," बाप म्हणाला.

तो हे मायेनेच म्हणाला. पण तिच्या अंगावर ते दार ओढून घेतल्यासारखं आलं. पळाली होती तेव्हा तिला वाटलं होतं की कोणाला कळलं नाही, तेवढा वेळ तरी आपण सुटलो. तेवढा वेळही दोराच्या दुसऱ्या टोकाला बाप बसला होता.

सकाळी गाडीवान आला. कालच त्याने बापाला उचलून गाडीत घातलं होतं. आज त्याच्या हातात गेल्या हंगामात नेलेला दोर होता. "राग मानू नका," तो म्हणाला. "उतारावर ओझं बांधतो, म्हणून विचारतो. हा वळताना टोकाला कोण होतं?" बापाने दोर मांडीवर घेतला, पीळ उलगडून आत पाहिलं, परत दिला. "माणूस होतं," तो म्हणाला. गाडीवान मान हलवून गेला. पण दुपारी गवळी आला, मागून आणखी एक. त्यांनीही तेच विचारलं, आणि बापाने प्रत्येकाचा दोर मांडीवर घेऊन प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. मागची छपराखाली वाख कुटत बसली होती. तिला तिथून उठता येत नव्हतं.

ते सगळे गेल्यावर बाप काठी टेकत चाकाशी गेला. "विहिरीचा दोर वळायचा," तो म्हणाला. "आज."

"डॉक्टरांनी बसू नका सांगितलंय," आई म्हणाली.

"डॉक्टर धरतील का चाक?"

भर उन्हात पेड ताणले. उतारावर सामसूम होती, दोराशिवाय तिथलं काम बंद होतं. पोरं एकेक करून पट्टीच्या कडेला येऊन बसली. सायकलवाला आला, गिरणीवरचा आला, शेवटी सुई. मागची आकडा धरून रेलून उभी होती आणि ती सगळी आपल्याला बघताहेत हे तिला कळत होतं. फाटक्या टाचा, कमरेचा वाख, सगळं.

सुई उठून तिच्याजवळ आली. "मी धरू थोडा वेळ?"

"नाही जमायचं."

"बघू दे तरी."

बापाने दुरून पाहिलं आणि चाक थांबवलं नाही, नुसतं हळू केलं. सुईने आकडा घेतला. दोराने तिला दोन पावलं फरफटत नेलं. तिने घाबरून हट्टाने मागे ओढलं, आणि चाकाकडून लगेच आवाज आला, "सोड! सोडत ओढ!" मागचीने झटकन आकडा हातात घेतला. सुई तळहात चोळत बाजूला झाली. तळहाताची साल गेली होती.

"रोज करतेस हे?" सुईने विचारलं.

"रोज."

मदत करायची म्हणजे जागा बदलून घ्यायची, एवढं सोपं असतं तर बरं झालं असतं. पोरं मग उठून आईची कामं करायला लागली. कोणी वाख कुटला, कोणी ओढ्यावरून पाणी आणलं, सायकलवाल्याने चाकाच्या दांड्याला तेल घालून कुरकुर बंद केली. टोक मात्र तिचंच राहिलं. दोर वळून झाला तेव्हा तो काही देखणा नव्हता. थोडा खरबरीत, थोडा केसाळ. बापाने त्यावरून हात फिरवला आणि कपाळाचा घाम पुसला.

"घेऊन जा," तो तिला म्हणाला. "आणि रांगेत नको उभी राहू. वर टोक तू धर. माझा दोर तिथे आहे तोवर टोकाला दुसरं कोणी नको."

"आणि इथे?"

"इथे सकाळी. तिथे संध्याकाळी."

म्हणजे सुटका नाहीच. रांगेतली ती जागा, समोरचं तोंड, मधले म्हणून मारलेली हाक, तीही गेली. एका टोकावरून पळून ती दुसऱ्या दोराच्या टोकाशी येऊन उभी राहणार होती. तिला हसू आलं. ती दोर खांद्यावर घेऊन उतारावर निघाली, तिच्यामागून सगळी पोरं.

न्हावी कठड्याशी होताच. दोर बघून त्याने सरकून जागा दिली. सायकलवाल्याने कप्पीवरून दोर घातला, फास केला. तिने टोक कमरेमागून घेतलं, टाचा जमिनीत रोवल्या आणि मागे रेलली. सुई कठड्यापाशी आली. पांढरीफटक पडली होती. ती कठड्यावर बसली, फास मांड्यांखाली घेतला आणि खाली न बघता मागचीकडे बघितलं.

मग ती दिसेनाशी झाली.

दोरावर वजन आलं. मागचीने हातभर सोडला, धरला. हातभर सोडला, धरला. नेहमी सुई "सोड, सोड" करायची, आज खालून आवाज नव्हता. दोर मात्र बोलत होता. सुईचा पाय भिंतीला लागला की कळत होतं, ती थरथरते आहे तेही कळत होतं. आणि मध्येच कुठेतरी दोर एकदम गप्प झाला. सुईने भिंतीतला दगड धरला होता आणि ती पुढे जाईना. वर सगळे थांबले. सायकलवाला कठड्यावरून वाकला. मागचीने ओढलं नाही आणि सोडलंही नाही.

खालून आवाज आला, विहिरीच्या पोटातून, लहान पोरासारखा.

"मागचे, आहेस ना गं?"

"आहे," ती म्हणाली, आणि थोडा दोर सोडला.